स्तोत्र नव्हे, परटाचा हिशेब

सकाळी पावणेआठला कचरागाडी गल्लीत शिरते. माझा ओल्याचा डबा काठोकाठ, सुक्याचा जवळजवळ रिकामा. गाडीवरचा मुलगा परवा न राहवून म्हणाला, "दीदी, आपके यहां सूखा कचरा होता ही नहीं क्या?" होतो ना बाबा. फक्त तो खाली येण्याऐवजी वर जातो, गच्चीवरच्या खोलीत, तिथे मी तो चिकटवून चित्रं करते. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय, त्यात आमच्या घराचा हातभार असलाच तर तो सासूबाईंचा. मी या व्यवस्थेतली गळती आहे.

ही खोली दहा बाय बाराची, वर पत्रा. आधी तिथे मोडक्या खुर्च्या, गणपतीची जुनी मखरं आणि कुणी तरी कधी तरी दुरुस्त करणार असलेले तीन पंखे होते. आमच्याकडे त्या सगळ्याला एकच शब्द, अटाला. मी खोली रिकामी केली, चुना मारला, टेबल टाकलं, आणि वर्षभराने सासूबाई गुडघे धरत वर आल्या. चहूकडे बघून म्हणाल्या, "अटाला काढून अटालाच भरलास की गं."

खोटं नाही. लग्नपत्रिकांचे गठ्ठे, औषधांच्या पट्ट्यांच्या मागची चंदेरी पन्नी, जुन्या चपलांचे बक्कल, बल्बची पुठ्ठ्याची खोकी, आणि अर्थात सेवेची, म्हणजे शेवेची, पाकिटं. इंदूरच्या घरात सेवेची पाकिटं कमी पडत नाहीत. ती उलटी केली की आतून आरशासारखी चकचकीत असतात. पहिल्यांदा मी ती नुसती पुसून लावली. तीन दिवसांनी चित्रावर मुंग्यांची रांग, खालच्या डाव्या कोपऱ्यातून थेट मधल्या सूर्यापर्यंत. शिवाय तेलकटपणामुळे चिकटलेलंही सुटत होतं. तेव्हापासून पाकिटं भांड्यांच्या साबणाने दोनदा धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळवते. शेजारच्या वहिनी विचारतात, आज काय धुतलंय? मी म्हणते, लसूण सेव.

तर या चित्रांचं प्रदर्शन. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघाल्या की त्यानंतरच्या आठवड्यात, तीन दिवस. आम्ही चौघी आहोत. हॉलचं भाडं चौघींत वाटून घेतलं, भिंती चिठ्ठ्या टाकून. मला मिळाली ती बावीस फुटांची, तिच्या मधोमध स्विचबोर्ड. अकरा कामं लावायची ठरली आहेत. त्यातली सात झाली, दोन अर्धी आहेत, एक पुन्हा करावं लागणार आणि एकाबद्दल मला काही बोलायचं नव्हतं, पण ही पोस्ट त्याच्यासाठीच लिहितेय.

त्याआधी पावसाबद्दल. मिश्र माध्यमात काम करणाऱ्या माणसाने श्रावण-भाद्रपदात प्रदर्शन ठरवू नये. कागद ओला झाला की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि आक्रसताना खालच्या पुठ्ठ्याला ओढतो. रात्री सपाट ठेवलेलं काम सकाळी तळलेल्या पापडासारखं वर आलेलं. याचा इलाज मला एका बुकबाइंडरने शिकवला: पुढे जेवढा कागद लावाल तेवढाच मागेही लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ओढतात आणि पुठ्ठा मधे गप्प बसतो. मग वर वजन. माझ्याकडे वजनाला शब्दकोशाचे दोन खंड आणि सासूबाईंचा पाटा आहे. मिक्सर आल्यापासून तो गच्चीवरच होता, आता कामाला लागला.

चिकटवायला दोन गोष्टी. जड वस्तूंना फेविकॉल, कागदाला मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद, तीही त्याच बुकबाइंडरची शिकवण, नाही तर कसर आणि झुरळं मेजवानीला येतात. एवढं करूनही या हवेत खळ दोन दिवसांत आंबते. परवा वास आला तेव्हा मी आधी नवऱ्याच्या मोज्यांवर संशय घेतला.

आणि पुन्हा करावं लागणारं काम का बिघडलं, तर पत्रा गळला. नेमका एकाच ठिकाणी, नेमका त्याच्यावर. त्यात बाबांच्या पत्राचा तुकडा होता, फाउंटन पेनच्या निळ्या शाईतला. सकाळी तिथे निळं तळं. शेजारी झेरॉक्सचा तुकडा होता, त्याला काही झालं नव्हतं. झेरॉक्सची पूड कागदावर उष्णतेने वितळवून बसवलेली असते, तिला पाण्याची भीती नाही. अस्सल ते गेलं आणि नक्कल शाबूत. त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. खाली जाऊन पोहे केले, वर जास्तच सेव घातली.

अस्सल की झेरॉक्स, हा माझा जुना घोळ आहे, आणि त्याची सुरुवात मागच्या वर्षीच्या फजितीपासून होते.

आजोबांची घरखर्चाची एक वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, १९३९ ते ४१ सालची, सगळी मोडीत. होळकरशाहीत वाढलेली माणसं, घरचा हिशेबही मोडीत लिहायची. मला मोडीचं अक्षर येत नव्हतं, पण पानं इतकी देखणी! आधी आडवी रेघ ओढून घेतलेली आणि तिला अक्षरं लोंबकळणारी, एकमेकांच्या हातात हात घालून, लेखणी उचललीच नाही असं वाटावं. त्यातल्या एका पानावर प्रत्येक ओळीची सुरुवात सारख्याच वळणाने होत होती. मी मनाशी ठरवून टाकलं की हा श्रीकार आहे आणि हे एखादं स्तोत्र आहे.

मूळ पानाला हात लावायची छाती नव्हती, म्हणून झेरॉक्स काढून ती कॅनव्हासवर उतरवली. हे उतरवणं कसं करतात तर कॅनव्हासला ॲक्रिलिक मीडियम लावायचं, झेरॉक्स छापील बाजू खाली करून त्यावर दाबायची, रात्रभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजने पाठ भिजवायची आणि बोटाने घासत कागद काढायचा. कागदाच्या बारीक बारीक सुरळ्या निघत जातात आणि खालून अक्षरं वर येतात. हे करताना वेळ कुठे जातो कळत नाही. बोटांची कातडीही जाते. गेल्या वर्षी महिनाभर माझा फोन माझा अंगठा ओळखत नव्हता.

यात एकच गोम असते. उतरलेली अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात. म्हणून झेरॉक्सवाल्याला आधीच 'मिरर' काढायला सांगायचं असतं. मी विसरले. मोडी येतच नसल्यामुळे उलटं झालंय हे मला दिसलंही नाही. वर महेश्वरीचा काठ लावला, सासूबाईंच्या विरलेल्या साडीचा, दोन्हीकडून सारखा दिसणारा बुगडीचा. थोडा गेरू, थोडी चंदेरी पन्नी. खाली चिठ्ठी: 'स्तोत्र', मिश्र माध्यम, २४ x ३० इंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉलमध्ये आम्ही आणि पंखेच होतो, तेव्हा एक आजोबा छत्री टेकत आले आणि 'स्तोत्र'समोर उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. माझी छाती फुगत चालली होती. मग मागे न वळता म्हणाले, "हे तुमचं का?"

"हो."

"उलटं आहे."

मला वाटलं टांगताना खाली-वर झालं. म्हटलं, नाही हो, हुक वरच आहे. "चित्र नव्हे बाई, अक्षर." मग त्यांनी आरसा मागितला. माझ्या पर्समधला पावडरचा डबा उघडून दिला. तो अडीच इंची आरसा चित्रापुढे सरकवत सरकवत ते वाचू लागले आणि मी ऐकू लागले. धोतरे चार. लुगडी तीन. उपरणी दोन. पोरांचे सदरे सहा. मी ज्याला श्रीकार समजत होते तो 'ता.' होता, तारखेचा. "परटाचा हिशेब आहे," ते म्हणाले. "एक लुगडं परत आलेलं नाही, तेही लिहिलंय." आणि मग अगदी सौजन्याने, "स्तोत्र म्हणून छान दिसतंय पण."

ते गेल्यावर मी चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली. उरलेला दीड दिवस ते चित्र बिननावाचं होतं आणि त्याच अवस्थेत विकलं गेलं. घेणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तर नक्कीच द्या.

इथे कुणी म्हणेल की इंदुरात टाकाऊतून काही करायचं म्हणजे चित्रकार चिंचाळकर गुरुजींचं नाव काढायलाच हवं. काढते. प्रदर्शनात वयस्क माणूस आला की तोच काढतो, "हे तर गुरुजी करायचे!" विष्णू चिंचाळकर देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले. १९२७ साली इथे चित्रकलेची शाळा सुरू करणारे ते देवळालीकर, बेंद्रे आणि हुसेनही त्यांच्याच तालमीतले. गुरुजींनी पुढे वाळक्या फांद्या, मुळं, पानं, टाकून दिलेल्या वस्तू हाताशी घेतल्या आणि त्यांतल्या आकृत्या लोकांना दाखवल्या. पण मला नेहमी वाटतं, ती तुलना माझ्यासारखीला झेपणारी नाही. गुरुजी फांदी जरा फिरवून धरायचे आणि तिचा पक्षी व्हायचा, म्हणजे बघण्यातच निम्मं काम उरकलेलं. मी बघायच्या आधी चिकटवते. परटाच्या हिशेबाने तेवढं सिद्ध केलं.

म्हणून हिवाळाभर मोडी गिरवली. अजून भरभर वाचता येत नाही, पण आकडे, वार, नावं, नेहमीच्या जिनसा सुटतात. दळण, तेल, टांगा. आणि राजेंद्रनगरला आत्याकडे गेले तेव्हा हे सांगून बसले. वही तिच्या वडिलांची, त्यामुळे मालकीहक्क तिचा. तिची अट पहिल्या दिवसापासून ठरलेली: "वहीला कात्री लावलीस तर माझ्या दारात यायचं नाही." या वेळी मात्र तिने कात्रीचं नाव काढलं नाही. म्हणाली, "तुला वाचता येतं ना आता? मग माझ्या जन्माचा खर्च बघ किती लिहिलाय."

मी महिना आणि साल धरून शोधलं. तीन रात्री गेल्या. सापडलं. सुईणीस रुपये दोन. खाली साखर, खाली डिंक, खाली खारका. पुढे सगळं नेहमीसारखं, दूध, दळण, परीट. फोनवर वाचून दाखवलं तर पलीकडे बराच वेळ शांत. मग, "दोनच?"

"दोनच लिहिलेत."

"बरं. ते पान लाव तू. खरं लाव. झेरॉक्स-बिरॉक्स नको."

तर ते अकरावं काम. पान शिवणीपाशी आधीच सुटलेलं आहे, कात्रीची गरज नाही. पण फेविकॉल लावला तर ते कायमचं गेलं, पुन्हा निघणार नाही. खळ पाण्याने सुटते, पण पाणी म्हटलं की मला बाबांचं निळं तळं दिसतं. आठ दिवस चित्रात पानाएवढी जागा कोरी ठेवून बसले होते, चार कोपरे पेन्सिलने मारलेले. फ्रेमवाला रोज फोन करतोय: "मॅडम, पट्टी पाऊण इंची की दीड इंची?"

काल ठरलं. पान चिकटवायचंच नाही. फोटो-अल्बममध्ये असायचे तसे कागदी कोपरे केले, घडीचे त्रिकोण, खळ फक्त त्या त्रिकोणांच्या पाठीला. पान त्यांत नुसतं अडकवलंय, उद्या हवं तर काढून वहीत परत ठेवता येईल. काच कागदाला टेकली तर दमटपणाने चिकटून बसते, म्हणून आतून बारीक पट्टी लावून काच वर उचलायची. म्हणजे फ्रेम दीड इंची. फ्रेमवाल्याला कळवलं. त्याने त्याच दमात भाव सांगितला आणि मी त्याच दमात घासाघीस केली.

बाकीचं नेहमीचंच. छोटी पाच बाय पाचची कामं मी दर वर्षी करते, आठशे रुपये, तीच जातात आणि तीच माझं भाडं काढतात. मोठ्या कामांपुढे नातेवाईक फोटो काढतात. 'कृपया हात लावू नये' अशा चार पाट्या लिहायच्या आहेत. उपयोग शून्य, कारण बक्कल आणि काठ दिसला की माणूस हात लावतोच, मीही लावला असता. स्विचबोर्डच्या दोन्ही बाजूंना काय टांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

किमतींची यादी काल रात्री आत्याला फोनवर वाचून दाखवली. अकराव्यापाशी मी म्हटलं, हे विकायचं नाही, तसं लिहिणार आहे.

"का गं?" ती म्हणाली. "दोन रुपयांचा तर माल."