स्वीडनवरचे ढग, बाल्टिकच्या किनाऱ्यावरून

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बर्लिनहून रॉस्टॉक, तिथून बाड डोबेरान आणि पुढे ‘मोली’ या वाफेच्या छोट्या आगगाडीने मी कूलुंग्सबोर्नला गेले, कारण मला उत्तरेला मोकळा समुद्र हवा होता. निशादीप्त मेघ, म्हणजे सूर्य मावळल्यावरही चमकणारे अतिशय उंचावरचे ढग, पाहायचे तर उत्तरेचे क्षितिज उघडे लागते. पहिल्या दोन रात्री नेहमीच्याच ढगांनी आभाळ झाकून टाकले.

तिसऱ्या रात्री, सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाने, समुद्रावर निळसर-रुपेरी रेषा उमटल्या आणि हळूहळू ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक लाटांची जाळी स्पष्ट झाली. क्षितिजापासून दहा अंशांवर दिसणारा ढग सुमारे ८३ किमी उंचीवर असेल, तर तो माझ्यापासून जवळपास ४०० किमी दूर, दक्षिण स्वीडनच्या वर असतो. खाली जमिनीवर रात्र झाली तरी एवढ्या उंचीवर सूर्यकिरण पोहोचतात, म्हणूनच तो उजळतो. त्या उंचीवर हवा सर्वाधिक थंड होते ती उन्हाळ्यात, कारण तेव्हा ध्रुवाकडची हवा वर चढते आणि प्रसरण पावून उणे १२० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. उल्कांच्या धुळीच्या कणांवर तिथली अत्यल्प वाफ गोठते. मला दिसणाऱ्या लाटा म्हणजे खालच्या वातावरणातून वर चढत गेलेली हवेची आंदोलने होती, हे ठाऊक असूनही नजर हलेना.

हे ढग १८८५ मध्ये, म्हणजे इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर दोन वर्षांनी, युरोपातील निरीक्षकांच्या नोंदींत आले. बर्लिनचे खगोलशास्त्रज्ञ ओटो येसे यांनी १८८७ मध्ये त्यांची छायाचित्रे घेतली आणि पुढे एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांवरून उंची सुमारे ८२ किमी ठरवली. एवढ्या साध्या साधनांनी काढलेला तो आकडा आजही टिकून आहे, याचे मला फार कौतुक वाटते.

किनाऱ्यावरून मात्र ढगांच्या पट्ट्याची केवळ दक्षिणेकडची कड दिसते. २००७ मध्ये सोडलेल्या नासाच्या ‘एम’ उपग्रहाने सुमारे ६०० किमीवरून ध्रुवाभोवतीचा सगळा विस्तार टिपला, तोही अतिनील प्रकाशात. खालचा ओझोन तो प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे पृथ्वी काळी दिसते आणि विरळ ढग तिच्यावर उठून दिसतात. अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांना हेच ढग कडेने, पृथ्वीच्या वळणावरच्या निळ्या धाग्यासारखे दिसतात.

पहाटे तीनच्या सुमारास ईशान्य पांढरी होऊ लागली आणि जाळी दिसेनाशी झाली. ढग विरले नव्हते, आकाशच त्यांच्याएवढे उजळले होते.