जिरवाजिरवी

न्हाणीघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा परवा आवरायला काढला, तर त्यात तेलाच्या सहा बाटल्या निघाल्या. खोबरेल, एरंडेल, बदाम, तीळ, जोजोबा, आणि सहावी अशी, की तिच्यावरचं नाव तिच्याच तेलानं पुसून गेलेलं. डोकं मात्र एकच. तेही कुरळ्या केसांचं, आजवर एकाही कंगव्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत न जाऊ दिलेलं.

लहानपणी कंगवा अडला की आई तेलाची बाटली घ्यायची. टाळूवर भसकन तेल ओतायची, तळव्यानं थापायची आणि मी उठायला लागले की खांदा दाबून म्हणायची, “बस जरा, जिरू दे.” हे ‘जिरू दे’ ऐकतच मी मोठी झाले. मराठीत पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं आणि तोऱ्यात वावरणाऱ्याची कधी ना कधी जिरतेच. पण डोक्यावरचं तेल नेमकं कुठं जिरतं, हे विचारायचं राहूनच गेलं. चाळिशीत केस सरळ करण्याचा नाद सोडला, आहेत तसे कुरळेच राहू दे म्हटलं, आणि तेव्हा हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला. डोक्यावरही.

सगळ्यात आधी कळलं ते हे, की आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो. जिवंत काय ते खाली, त्वचेच्या आत, मुळाशी. वर येतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोरा. मग बाटल्यांवर जे ‘केसांचे पोषण’ लिहिलेलं असतं, ते कुणाचं? जे जिवंतच नाही ते खाणार काय आणि पचवणार काय? इतकी वर्षं मी दोऱ्याला जेवू घालत होते.

बरं, दोरा म्हणावा तर तोही साधा नाही. त्याच्यावर खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक रचलेले. खोटं वाटत असेल तर एक लांब केस दोन बोटांत धरा आणि बोटं टोकाकडे ओढा, गुळगुळीत लागेल. उलटी, मुळाकडे ओढा, बोटं किंचित अडतील. केस भिजला की पाणी आत शिरतं, तो फुगतो, खवले उचलले जातात. वाळला की आकसतो. दर धुण्याला हाच खेळ. त्यात शाम्पूचा फेस आणि ओल्या केसांवर ओढलेला कंगवा, म्हणजे आतलं थोडं थोडं प्रथिन निघून जाणार. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटीमीटर लांब वेणीचं टोक पाच वर्षांचं झालं. पाच वर्षांची धुणी सोसलेलं ते टोक दुभंगलं, तर त्यात नवल कसलं? पाच वर्षं रोज वापरलेला रुमाल तरी धड राहतो का?

तेलाचं काम आहे ते इथं, आणि इथं सगळी तेलं सारखी नाहीत. २००१ साली संशोधकांनी केसांना खोबरेल आणि खनिज तेल (पेट्रोलियमपासून काढलेलं) लावून उपकरणानं पाहिलं. खोबरेल केसाच्या आत उतरलं होतं, खनिज तेल नव्हतं. पुढं २००३ मध्ये रेळे आणि मोहिले यांनी (आडनावं वाचून मी खुर्चीत सरसावून बसले, आपल्याच कुणी तरी आईचा मुद्दा तपासला म्हणायचा) खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज अशी तीन तेलं ताडून पाहिली. केसांतलं प्रथिन वाया जाणं कमी केलं ते एकट्या खोबरेलानं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कारण त्याच्या घडणीत आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याच्या रेणूची साखळी आखूड, बारा कार्बनांची, सरळ, आणि प्रथिनाशी तिचं जमतंही. सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्या लांब आणि मध्ये वाकलेल्या. पलंग जिन्यातून वर नेताना कोपऱ्यावर जे होतं, तेच त्यांचं केसाच्या दाराशी होतं. आत तेल बसलेलं असलं की पाण्याला कमी जागा मिळते आणि केस कमी फुगतो. तर जिरतं, हे खरं. पण जिरतं ते केसात, आणि तेही सगळ्यांचं नाही.

एरंडेलाचा धडा मी स्वतःच्या केसांवर घेतला. त्यानं केस भराभर वाढतात असं कुठंसं ऐकलं आणि एका रात्री मुळापासून टोकापर्यंत माखून झोपले. एरंडेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं, त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून ते इतकं दाट आणि चिकट. ही माहिती मला सकाळी मिळाली. उशीचा अभ्रा गालाला, गाल केसांना आणि केस केसांना चिकटलेले. चार वेळा शाम्पू केला. मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ झाली, ती अखेर कात्रीनं सुटली. एरंडेल लावून धुतल्यावर केसांचा कापावाच लागेल इतका घट्ट गोळा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत म्हणे. वाचून बरं वाटलं, मी एकटी नव्हे. केस वाढले का? त्या रात्रीपुरते तर तीन इंचांनी कमीच झाले.

जोजोबाची गंमत वेगळी. ते तेल नव्हेच, पातळ मेण आहे. एका वाळवंटी झुडपाच्या बियांतून निघणारं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं स्पर्म व्हेलच्या तेलाला दार बंद केलं तेव्हा या मेणाचे दिवस पालटले, कारण गुणांनी ते त्याच्या जवळचं. एका देवमाशाचा जीव वाचवणारी बाटली आपल्या कप्प्यात तीन वर्षं न उघडता पडून होती, याची मला थोडी लाज वाटली. ते केसात शिरत नाही, वरच राहतं. पण वर राहण्यालाही किंमत आहे. केसावर केस घासत नाही, गुंता कमी होतो, चकाकी येते.

खरी फजिती अजून सांगायचीच आहे. माझ्या टाळूवर वर्षानुवर्षं कोंडा. कोंडा म्हणजे कोरडेपणा, असा माझा पक्का समज. म्हणून तेल. कोंडा वाढला की जास्त तेल. मग समजलं की टाळूवर मॅलासेझिया नावाची एक बुरशी राहते, बहुतेक सगळ्यांच्याच, आणि तिचं अन्न म्हणजे स्निग्ध पदार्थ. कोंड्यामागे तिचाच हात असतो. मी मघापासून विचारतेय ना, हे तेल खातं कोण? तर डोक्यावर तेल खाणारं कुणी असेल तर ही. ‘पोषण’ चाललं होतं, फक्त पान भलत्याच पाहुण्यापुढं वाढलं जात होतं.

टाळूला स्वतःचं तेल असतंच. सरळ केसांवरून ते घसरत टोकापर्यंत पोचतं. कुरळ्या केसावर वळणावळणाला अडतं, आणि टोकं उपाशी राहतात. म्हणजे माझ्या डोक्यावर जिथं तेल होतं तिथं आम्ही ओतत होतो, आणि जिथं नव्हतं तिथं काहीच नाही. शिवाय मी कोरड्या ठक्क केसांवर तेल चोळायचे, आणि ते तेलकट आणि कोरडे, दोन्ही एकदम दिसायचे. तेलात पाणी नसतं, एवढी साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. ते ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं.

आता धुण्याच्या आदल्या रात्री चमचाभर खोबरेल, मानेखालच्या केसांना. गारठा असला तर ते गोठलेलं असतं (चोवीस अंशांच्या खाली गेलं की गोठतंच), पण तळहातावर घासलं की विरघळतं, गरम करण्याचा सोपस्कार लागत नाही. धुऊन झाल्यावर, केस ओलसर असताना, जोजोबाचे तीन थेंब टोकांना. तीनच. चौथा मोह असतो. बदामाची बाटली नाकाशी नेली तर खवट वास आला, ती टाकली. खोबरेल तेवढं लवकर खवटत नाही, तेही त्याच्या घडणीमुळेच.

हे सगळं मी आईला फोनवर ऐकवलं. बुरशी, बारा कार्बन, वळणं, टोकं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग इतकी वर्षं तुझी वेणी टिकली कशी?”

मी जरा अडखळले. तिनं ओतलेलं तेल इतकं असायचं की ते ओघळत ओघळत टोकापर्यंत जायचंच, हे कबूल करावं लागलं.

“पण मग ते ‘बस जरा, जिरू दे’ म्हणायचीस ते? टाळूत काय जिरत होतं?”

“तेल जिरो न जिरो,” आई म्हणाली, “तेवढ्या वेळात तुझी मस्ती जिरायची. मला कणीक मळून घेता यायची.”

फोन ठेवला आणि पुन्हा कप्प्याकडे वळले. नाव पुसलेल्या बाटलीचा वास घेतला, कशाचाच पत्ता लागला नाही. कपाटाचं दार गेले सहा महिने कुरकुरतंय. बिजागरीवर दोन थेंब सोडले. तिथं मात्र लगेच जिरलं.