वसुलीवाल्यांचा तगादा आणि एक लेखी तक्रार

नाशिकच्या अंबडमधली आमची कंपनी बंद पडली आणि माझ्या पर्सनल लोनचे हप्ते थकले. कर्ज माझं, फेडणारही मीच, त्यात वादच नव्हता. पण फोन मला कमी आणि निफाडला वडिलांना जास्त जायला लागले. "पोराला अटक होईल, गावात माणसं पाठवतो," असं सत्तरीच्या माणसाला रात्री साडेनऊला ऐकवायचं! वडील त्या रात्री जेवले नाहीत. मला त्याचा संताप आजही येतो.

नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, घरच्यांना-मित्रांना छळायचं नाही. एजंट चुकला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच.

एकदा दोघं जण सिडकोत आमच्या बिल्डिंगखाली उभं राहून माझ्या नावाने ओरडायला लागले. मी खाली गेलो.

"ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवा."

"पत्र ऑफिसात आहे."

"मग घेऊन या, तोवर बोलणं नाही."

शेजारचे काका मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून माझ्या बाजूला येऊन थांबले. दोघांनी गाडीला किक मारली.

मग वडिलांच्या फोनमधले कॉल तारीख, वेळ, नंबरनिशी लिहून काढले आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. पैसे भरायचेत, हप्ता कमी करून द्या, हेही त्यातच लिहिलं. हे लिहाच, नाहीतर कर्जबुडवा ठरवायला त्यांना वेळ लागत नाही. उत्तर आलं ते नुसतं गुळमुळीत.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका-फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर मी घरबसल्या तक्रार केली. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

तिथून विचारणा गेल्यावर कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला, दुपारी आणि नीट भाषेत. हप्ता कमी झाला, मुदत वाढली. एकूण व्याज जास्त जाईल, ते मी मान्य केलं. वडिलांचा नंबर रेकॉर्डमधून काढल्याचं मात्र लेखी मागून घेतलं.