आयरिशमध्ये मोजताना

डब्लिनला आल्यावर आयरिश शिकायचं खूळ डोक्यात शिरलं ते मुलीच्या अभ्यासामुळे. इथल्या शाळांत हा विषय असतोच, आणि घरात तिला मदत करणारं कोणी नव्हतं. म्हणून मेनूथ विद्यापीठाच्या 'टेग' या आयरिशच्या परीक्षेची ए-१, म्हणजे नवशिक्यांची पातळी द्यायची ठरवली. खरा घाम काढला तो आकड्यांनी.

नुसते आकडे सोपे आहेत: अ हेन, अ दो, अ त्री. पण पुढे वस्तू आली की वस्तूचंच तोंड बदलतं. होडी म्हणजे 'बाद'. एक ते सहा होड्यांपर्यंत तिचा 'वाद' होतो, सात ते दहासाठी 'माद'. लिहिताना मूळचा ब तसाच ठेवून त्याच्याआधी म लिहायचा आणि बोलताना ब गिळून टाकायचा. शिवाय होडी एकवचनातच राहते, सात असोत की सत्तर. बारा होड्या असतील तर आकड्याचे दोन तुकडे करून होडी मधोमध बसवायची: 'घा वाद देग'. मी बटाटे टोपलीत टाकत सराव करायचो. सहाव्याला 'शे फ्राता', सातव्याला 'शख्त ब्राता'. बायको हसायची, पण जीभ वळली ती त्यानेच.

माणसांची मोजणी मात्र वेगळी, आणि तिथे मराठी माणूस आयताच पुढे. दोघं, तिघं, चौघं तसंच बेर्त, त्रूर, क्याहरर. वर्गातला स्पॅनिश मुलगा माणसांसाठी निराळे आकडे कशाला म्हणून वैतागला होता. मला त्यात नवल वाटलं नाही. फरक एवढाच की आपण चौघांवर थांबून 'पाच जण' म्हणतो, आयरिश दहापर्यंत जाते आणि बारा माणसांसाठीही 'दारेग' हा खास शब्द ठेवते.

जे मोजता येत नाही त्याला 'किद', म्हणजे वाटा. माझे पैसे म्हणजे माझ्या वाट्याचे पैसे. केसांचंही तसंच. माझ्या टाळूकडे पाहता तो वाटा बराच आटलाय.

तोंडी परीक्षेत विचारलं, घरात किती जण? 'क्याहरर' क्षणात निघालं. पुढचा प्रश्न मुलीच्या वयाचा. वर्षं मोजताना शब्दाचं रूपच खास, तेही पाठ होतं: 'ओख्त म्लीना'. आठ वर्षं. बाई पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.