‘होय’ असे लिहिलेला अर्ज

उत्तर गोव्यातील एका खासगी रुग्णालयात मी मेट्रन आहे आणि परिचारकांच्या निवड समितीवर बसते. आमच्या अर्जात ‘आपण कधी फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय?’ असा एक रकाना आहे. त्यापुढचे ‘नाही’ इतके ठरलेले असते की तो कोणी वाचतही नाही. डायलिसिस विभागातील जागेसाठी आलेल्या एका ब्रदरने मात्र तेथे ‘होय’ लिहिले होते आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रतही जोडली होती.

मुलगा सत्तरी तालुक्यातला. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो खनिजाच्या ट्रकवर क्लीनर होता. पुढच्याच वर्षी जत्रेतल्या मारामारीत त्याने एकाच्या डोक्यात बाटली घातली, समोरच्याला टाके पडले आणि भारतीय दंड संहितेच्या कलम 324 खाली तो दोषी ठरला. न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठवता अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 नुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. त्यानंतर बेळगावला जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, आणि तेथेच डायलिसिसची नोकरी.

आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी अर्ज बाजूला सरकवला. “दुसरे उमेदवार आहेत ना मॅडम, विषाची परीक्षा कशाला?” माणूस वाईट नाही, पण ज्या कागदावर सही करताना पुढे कोणी जाब विचारील असे वाटते, तो कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

त्याच अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे अशा रीतीने सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही, त्यामुळे आमच्या प्रश्नाला ‘होय’ हेच खरे उत्तर होते. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये असे म्हटले आहे की, तरुण वयातला किरकोळ गुन्हा दडवला गेला असला तरी नेमणूक करणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. पण उमेदवाराने सगळे खरे सांगितले, तरी पूर्वेतिहास पाहून त्याला घ्यायचे की नाही हे ठरवण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला राहतेच. तो खटला सरकारी नोकरीचा होता. खासगी रुग्णालयाला तर तेवढीही चौकट आडवी येत नाही.

मी त्याला विभागात नेले. नेमणूक नसलेल्या माणसाच्या हाती सुई देता येत नाही, म्हणून एका आजोबांच्या संमतीने फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, फक्त तपासायला सांगितला. बहुतेक उमेदवार बोट टेकवतात, ‘थ्रिल आहे’, म्हणजे रक्तप्रवाहाची थरथर बोटाला लागते, असे म्हणतात आणि मोकळे होतात. याने आधी हाताची सूज पाहिली, मग जोडाच्या जागेपासून वर दंडापर्यंत बोटांची टोके सावकाश सरकवत नेली, स्टेथोस्कोप लावला आणि आजोबांना म्हणाला, “बाबा, हात जरा डोक्याच्या वर धरा.” हात वर गेला की फिस्टुलाची शीर ओसरायला हवी, ती कोपराखाली तट्ट फुगलेलीच राहिली. थ्रिलऐवजी ठोके लागतात, पुढे कुठेतरी शीर अरुंद झाली असावी, डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करून घ्यावे, असे तो म्हणाला. मशीनवरचा व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शिरेत परत जातानाचा दाब, काही पाळ्यांपासून चढता असल्याची नोंद आमच्याच तक्त्यात होती. रोज ती लिहिणाऱ्यांना तिचा अर्थ लावावासा वाटला नव्हता, याचा मला अजून राग आहे. डॉपलरमध्ये अरुंदपणा दिसला आणि आजोबांना शिरेच्या शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे पाठवले.

एवढे होऊनही व्यवस्थापनाने सहा महिन्यांचे कंत्राट दिले, तेही रात्रपाळी न देण्याच्या अटीवर. रात्री रुग्णांसोबत एकटा राहील, हे त्यामागचे कारण. दिवसा चार-चार तास त्याच रुग्णांचे रक्त त्याच्या नजरेखाली मशीनमधून फिरते, हे कोणाला खटकले नाही. दोषी ठरल्यापासून किती वर्षे झाली आणि गुन्ह्याचा कामाशी काय संबंध, एवढे तरी रकान्यात विचारावे, असे टिपण मी पाठवले आहे. ते वकिलांकडे आहे.

नेमणूकपत्र घेताना त्याने मला विचारले, “मॅडम, पुढच्या ठिकाणी पण लिहू ना?” लिहा, असे मी सांगितले. मागच्या रुग्णालयात त्याला तो रकाना कोरा सोडायला तिथल्याच एका वरिष्ठ सिस्टरने सांगितले होते, आणि तिथे त्याला रात्रपाळ्या मिळत होत्या.