जिवंत पेशीतलं कॅरोटीन मोजताना

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात रक्त घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सिकलसेलचं हाय का?" त्या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी नाही म्हटल्यावर काकू सावध झाल्या. "मंग कायले पायजे वो रगत?" पालेभाजी, कोहळं, पपईतला पिवळा-केशरी रंग पांढऱ्या पेशींत किती उतरतो ते पाहायचंय, हे सांगून संमतीपत्र वाचून दाखवलं, तेव्हा कुठे हात पुढे आला. हा रंग म्हणजे कॅरोटिनॉइड. शरीर तो बनवत नाही. खाण्यातूनच येतो, तोही तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही.

खरी परीक्षा नागपूरच्या लॅबपर्यंतची. ज्यातून लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या करायच्या, त्या रक्ताला बर्फ चालत नाही, खोलीचं तापमान लागतं. पुस्तकातली खोली १८ ते २० अंशांची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. गार पाण्याच्या बाटल्या, त्यावर टॉवेल, मग नळ्या, असा डबा एसटीत मांडीवर धरून न्यायचा.

लॅबमध्ये रक्त फायकॉल नावाच्या दाट द्रवावर हलकेच सोडून सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे यंत्रात गरागरा फिरवायचं. तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये धुक्यासारखी पांढरी रेघ. तेवढीच पिपेटनं उचलायची. लाल पेशी सोबत आल्या की मोजताना त्यांतलं हिमोग्लोबिन स्वतःचाच सिग्नल दामटतं. प्लाझ्मातही कॅरोटिनॉइड असतात, म्हणून पेशी पुन्हा पुन्हा धुवायच्या.

मग रामन सूक्ष्मदर्शक. सी. व्ही. रामन यांचा १९२८ चा शोध: रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशातल्या अगदी थोड्याचा रंग बदलतो, आणि कसा बदलतो ते त्या रेणूवर ठरतं. पेशीला ना रंग द्यावा लागतो, ना मारावं लागतं. हा बदल आलेखावर शिखरांसारखा दिसतो; कॅरोटिनॉइडची ठळक शिखरं ११५७ आणि १५२५ प्रति सेंटीमीटरच्या (या बदलाचं एकक) आसपास येतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर कॅरोटिनॉइड जे रंग शोषतं त्या पट्ट्याच्या काठावर पडतो, म्हणून सिग्नल अनेकपट वाढतो. पण लेसर रेंगाळला की रंग विटतो आणि शिखर डोळ्यांदेखत बसतं. पॉवर कमी, वेळ काही सेकंद, एवढंच हातात. साधी काच स्वतःच चमकते. कॅल्शियम फ्लोराइडची चकती लागते, आणि तिची किंमत ऐकून आमचा स्टोअरवाला हसतो.

एकाच माणसाच्या शेजारच्या दोन पेशींत एकीत शिखर उंच, दुसरीत जवळपास सपाट. त्यामुळे बऱ्याच पेशी मोजल्याशिवाय त्या माणसाबद्दल बोलताच येत नाही.

काकूंना मात्र एकच हवं होतं. "माहं रगत चांगलं हाय का नाही?" ते यातून कळत नाही म्हटलं, आणि हिमोग्लोबिन तपासायला त्यांना उपकेंद्रात घेऊन गेले.