पेंग्विनच्या घरी खेळायला काय आहे?

लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या आणि पेंग्विन हे चिन्ह असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, खेळ नाहीत, असं कोणी म्हटलं की मला उगीचच राग येतो. खेळ आहेत की! टक्स रेसरमध्ये पेंग्विनला बर्फावरून घसरवा, फ्रोझन बबलमध्ये रंगीत बुडबुडे फोडा, 'बॅटल फॉर वेसनॉथ'मध्ये षटकोनी घरांवर सैन्य हलवत रात्र काढा. सगळं फुकट, वर जाहिरातींचा जाच नाही. एवढंच की आत्ता सगळे जे खेळतायत, ते यात नसतं.

ते हवं असेल तर विंडोजचे खेळ इथे आणून चालवायचे. हा खटाटोप जुना आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या 'वाइन'चं काम १९९३ पासून चालू आहे. पूर्वी खेळाचा मेनू दिसायचा, संगीतही झोकात वाजायचं आणि 'न्यू गेम' दाबलं की काळा पडदा. मग आज्ञा टाइप करायचं टर्मिनल उघडा, कुठली डीएलएल (विंडोजच्या प्रोग्रॅमला लागणारी फाइल) रुसलीय ते शोधा, ग्राफिक्स ड्रायव्हर बदला. नव्या ड्रायव्हरने अख्खा डेस्कटॉपच गिळला तर उरलेली संध्याकाळ तो परत मिळवण्यात.

२०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' या आपल्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं आणि चित्र खरंच पालटलं. आत वाइनच, पण सोबत विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञा लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कन या प्रणालीला समजतील अशा करून देणारी यंत्रणा. पुढे २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणकही लिनक्सवरच चालतो. गंमत म्हणजे काही खेळांची खास लिनक्ससाठी काढलेली आवृत्ती वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्यामुळे अडखळते आणि विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर सुरळीत पळते. घरचं उपाशी आणि पाहुणा तुपाशी!

खरी रड आता वेगळीच आहे. ऑनलाइन खेळांतले चोर पकडायला जे अँटी-चीट असतं, त्यातल्या काहींना थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसायचं असतं. लिनक्सवर कर्नल माझा. वाटला तर मी तो बदलून स्वतः बांधून घेईन. नेमकं हेच त्यांना खुपतं. 'एपेक्स लेजंड्स' हा ऑनलाइन खेळ लिनक्सवर बरा चालत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये, लिनक्सचा मोकळेपणा लबाडी करणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो असं कारण देऊन ते दार बंद केलं गेलं. म्हणजे मशीन चालवू शकतं, पण मशीनच्या मालकावर भरवसा नाही. ज्या मालकीसाठी मी लिनक्स धरलं, तीच इथे आड येते. कंपन्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही, हे आणखी चिडचिड करणारं.

सुट्टीत आलेल्या भाच्याला मी हे सगळं साग्रसंगीत समजावलं. कर्नल, मालकी, विश्वास, काही म्हणून सोडलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, पण आपण चीटिंग करत नाही हे त्यांना सांग ना."